पाचशेचा नमुना

नाना इंजिनातलं तेल हुंगताना डोळे मिटून घेत. मग थेंबभर तेल अंगठ्यात आणि बोटात चोळत, कानाशी नेऊन ऐकतही. लोखंडाचा चुरा असला तर कुरकुरतो म्हणे. मग ती बोटं पोटरीला पुसायची आणि त्याच हातानं भाकरी मोडायची. "तेल म्हणजे घाण नाही भो," असं त्यांचं म्हणणं. साबण ही वस्तू त्यांनी बायकोसाठी सोडलेली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, गोडादऱ्याला, आमची भिंतीला भिंत लागून घरं. मी कडोदऱ्याच्या एका कापड कारखान्यात लूम मास्तर, म्हणजे यंत्रमागांवर देखरेख करणारा. नाना मूळचे अमळनेरकडचे, उधन्यात लूमचे गिअर दुरुस्त करणारे फिटर. तीस वर्षं लूमखाली उताणे पडून काढल्यावर त्यांनी एक पांढरी छोटी गाडी घेतली. कोरी. आणि आमच्या गल्लीचं स्वास्थ्य गेलं.

गाडी रनिंगमध्ये होती, म्हणजे नवं इंजिन अजून रुळायचं होतं. नाना चाळीसच्या वर काटा जाऊ देत नसत. उधन्याच्या पुलावर मोपेडवालेसुद्धा आम्हाला मागे टाकत. एकदा एका रिक्षावाल्यानं काच ठोकून विचारलं, "काका, धक्को मारुं के?" नाना शांतपणे म्हणाले, "बसू दे भो, बसू दे." हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर. पिस्टनच्या रिंगा बसू दे, तेल बसू दे, चुरा तळाशी बसू दे.

शंभर किलोमीटरला, तीनशेला, पाचशेला ते तेलाचा नमुना काढत. सलाइनची नळी आणि जनावरांच्या डॉक्टरची मोठी सिरिंज. तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. बाटलीवर आकडा. दिवसभर ती हलवायची नाही. मग टिपकागदावर थेंब, मग बाटलीखाली जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, देवघराशेजारी बाटल्या ठेवायला साफ नकार दिला, म्हणून त्या माझ्या खिडकीत आल्या. राखणदार मी.

"नव्या इंजिनात पार्ट एकमेकाला घासतात," नाना मला समजावत. "जागा करून घेतात. सुरवातीला थोडी चमक येणारच तेलात. घाबरायचं नाही."

काकू आतून म्हणायच्या, "इंजिनाला एवढा धीर. पोरीला एक दिवस दिला नाही."

नाना पुन्हा बाटलीकडे वळत. त्यांची सुनंदा. दोन वर्षांपूर्वी तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि नवापूरला संसार मांडला. नानांनी तिचं नाव घेणं सोडलं होतं. गाडी घेतली त्याच महिन्यात तिचं पत्र आलं. मुलगी झाली, बारशाला या. पत्र काकूंना होतं. शेवटची ओळ मात्र नानांना: 'नाना, तुम्ही आल्याशिवाय नाव ठेवायचा माझा विचार नाही.'

नानांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि मला म्हणाले, "मास्तर, पाचशेचा नमुना साफ निघाला तर निघू. नाही निघाला तर लांबच्या रस्त्याला गाडी काढायची नाही."

काकूंनी झबलं शिवलं. काळे मणी ओवले. बारसं रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी पाचशेची बाटली माझ्या खिडकीत आली.

शुक्रवारी दुपारी ती माझ्या हातून सांडली. शर्ट वाळत घालताना कोपर लागलं, इतकंच. ओट्यावर काळं तेल पसरलं. शेजारी जाऊन सांगायला पंधरा पावलं होती. नाना रागावले नसते. दुसरा नमुना काढायला दहा मिनिटं लागली असती. पण राखणदार म्हणून मी फार मिरवलं होतं. सायकलच्या साखळीला लावायला मी कारखान्यातून लूमच्या गिअरमधून उतरवलेलं जुनं तेल आणलेलं होतं. रंग तसाच. मी बाटली भरली, पुसली, आकडा बाहेर करून ठेवली.

शनिवारी नानांनी बाटलीखाली चुंबक धरलं. तळाशी काळी लव उभी राहिली, सुरवंटासारखी. काकू दारात हातात झबलं घेऊन उभ्या. मी चुंबकाकडे बघत होतो. नानांनी तेल हुंगलं. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

मी सांगणार होतो. शब्द तोंडापर्यंत आले होते.

"इंजिन खराब शे," नाना म्हणाले. "गाडी निघणार नाही."

"दुसऱ्यांदा काढून बघा की," मी कसाबसा म्हणालो.

"नको."

भाजीत मीठ टाकलं की नाही हे दोनदा विचारणारा माणूस दुसरा नमुना नको म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष स्वतःला वाचवण्यात होतं.

काकू एकट्या एसटीनं गेल्या. पोरीचं नाव न ठेवताच परतल्या, कारण हट्टात सुनंदा बापाच्या वरताण. पोरीला नुसतं 'बाई' म्हणत होते. नानांनी गाडीवर ताडपत्री घातली. सहा महिने मी रोज त्या ताडपत्रीशेजारून कामावर गेलो. एक दिवस काकूंनी पोरीचा फोटो दाखवला. तिला दोन दात आले होते. दात आले आणि नाव नाही.

त्या संध्याकाळी मी नानांकडे गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कोपर, ओटा, लूमचं तेल. ते पान लावत होते. थांबले नाहीत.

"माले ठावकं व्हतं," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसलो.

"गाडीच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो रे. त्याला आला नाही. तीस वर्षं ते लूमचं तेल माझ्या तोंडावर गळलं, मास्तर. मी ओळखणार नाही?"

"मग गप्प का राहिलात?"

त्यांनी पान लावलं, पण खाल्लं नाही. "तू गप्प राहिला म्हणून मी राहिलो. मला निमित्त पाहिजे होतं, तू आणून दिलं. तिनं दार उघडलं असतं अन् मला तोंड नसतं. काय बोलणार होतो मी?"

माझं ओझं उतरलं असं नाही. त्या दिवसापासून ते दोघांचं झालं, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. काटा चाळीसवर. बारडोलीला नानांनी बॉनेट उघडून तेल बघितलं. व्याऱ्याला बघितलं. सोनगढला पुन्हा. काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तेल काय पळून जातं का?" पण हळू म्हणाल्या.

नवापूरला सुनंदाच्या घरासमोर गाडी थांबली. काकू उतरून आत गेल्या. नानांनी पुन्हा बॉनेट उघडलं. तेल मोजायची कांडी काढली, पुसली, घातली, काढली. पाचव्यांदा कांडी वर आली तेव्हा मागे सुनंदा उभी होती. कडेवर पोर, हातात जुनं फडकं.

"तेल बरोबर शे ना, नाना?"

"शे," नाना कांडीकडे बघत म्हणाले.

तिनं फडकं पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. पोटरीलाही हात पुसले नाहीत. पोरीकडे एकदा बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

"साबण शे का घरात?"

अंगणातल्या नळावर त्यांनी हात धुतले. बोटं हुंगली. परत साबण लावला. पुन्हा हुंगली, डोळे मिटून. तिसऱ्यांदा धुवायला लागले तेव्हा सुनंदानं नळ बंद केला आणि पोर त्यांच्या ओल्या हातांवर ठेवली.