एकबारी कर्णिक

शनिवार, ११ ऑक्टोबर. जिना पुसायची पाळी आमची. आमच्या इमारतीत ही पाळी चुकली की तळमजल्यावरच्या बाई दारावर चिठ्ठी चिकटवतात, आणि चिठ्ठीखाली सही नसते. बादली घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचले, तर कर्णिककाकांच्या पायपुसण्याशेजारी पितळेचा बारीक कीस चमकत होता. फडकं फिरवलं आणि त्यातला एक बोटात गेला. मी बेल वाजवली.

"काका, तुमचा कीस जिन्यात आलाय."

काका मोज्यांवरच बाहेर आले. माझ्या बोटातला कीस चिमटीत धरून काढला, खिशातून व्हर्निअर काढला आणि त्याची जाडी मोजली.

"आल्झो," काकांचं 'तर मग' नेहमी जर्मनमध्येच येतं, "हा कालचा. आज मी याच्याहून पातळ काढतोय." मग आठवण झाल्यासारखं, "लागलं का गं?"

बाकीचे लोक ज्या खिशात पेन ठेवतात, तिथे काकांचा व्हर्निअर असतो. आमच्याकडे पहिल्यांदा दिवाळीच्या फराळाला आले, तेव्हा ताटातले बेसनाचे दोन लाडू मोजून म्हणाले, "तीन मिलिमीटरचा फरक आहे, वैशाली. हे उत्पादन आहे की प्रयोग?" मी म्हटलं, "मोठा तुम्ही खा, म्हणजे फरक राहणार नाही." तेव्हापासून आमचं जमलं.

काकांचं वय चौऱ्याहत्तर. पुण्याहून तरुणपणी रेगेन्सबर्गच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का, विचारलं तर "माप जुळलं नाही" एवढंच सांगतात. त्यांच्या घरात सोफा नाही, पण दोन खुर्च्या, एक लेथ आणि भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट आहे. कपाटात नऊ जुन्या बंदुका. सगळ्या एकबारी. एक काडतूस घालायचं, उडवायचं, रिकामं पितळी टरफल, म्हणजे पुंगळी, काढायची, मग दुसरं.

"दुसरी गोळी तयार आहे म्हटलं की माणूस पहिली नीट मारत नाही," असं काका म्हणतात. मारतात ते पुठ्ठ्यावर, तेही नेमबाजीच्या क्लबच्या मैदानात जाऊन.

गंमत अशी, की या नऊपैकी एकीचंही काडतूस दुकानात मिळत नाही. कुठल्या तरी गावच्या कारागिराने एखाद्या गिऱ्हाइकासाठी स्वतःच्या मापाने बंदूक घडवली. कारागीर गेला, गिऱ्हाईक गेलं, माप विसरलं गेलं. काका ते माप शोधून काढतात. दुसऱ्याच कुठल्या बंदुकीची पुंगळी घेऊन ती कापतात, आवळतात, शिशाची गोळी घरच्या साच्यात ओततात. एका काडतुसाला दोन वर्षंही लागतात. मी एकदा म्हटलं, "मग मिळणाऱ्या मापाचीच बंदूक का नाही घेत?" तर पुरणपोळी पाकीटबंद आणावी असं सुचवल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

पुंगळी हा शब्द माझा. काका आधी 'ह्युल्झं' म्हणायचे. जर्मन 'ह्युल्झ'चं त्यांनी केलेलं अनेकवचन. माझे वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे शब्द मला माहीत होता. काका इतके खूश झाले की आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला पुंगळी, पुंगळी म्हणत होते. आमची लेक सई मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने त्यांचं नाव 'पुंगळी-ओंकेल', म्हणजे पुंगळीकाका, ठेवलं.

शस्त्रं नीट कुलपात आहेत का ते बघायला परवाना कचेरीचा माणूस न सांगता येतो. इतर बंदूकवाले त्याला कपाट दाखवून लगेच वाटेला लावतात. काका त्याला चहा आणि चिवडा देतात, नऊच्या नऊ बंदुकांची कुळकथा सांगतात. मागच्या खेपेला तो बिचारा दोन तासांनी सुटला. जिन्यात मला म्हणाला, "सगळं उत्तम आहे. फारच उत्तम आहे."

त्या दिवशी माझ्या बोटाला पट्टी लावून झाल्यावर काकांनी एक पाकीट पुढे केलं. घरी बंदुकीची दारू ठेवून काडतुसं भरायचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. त्यासाठी बेड्युर्फनिस, म्हणजे गरज, पटवून द्यायची. क्लबमध्ये काकांच्या फारशा हजेऱ्या नव्हत्या, म्हणून कचेरीने खुलासा मागितला होता. आमच्या ओळखीतल्यांची अशी पत्रं मीच लिहिते.

"लिही," काका म्हणाले. "बंदुकीची गरज काय? गरजणं!" आणि स्वतःच हसले.

"हे कचेरीत चालणार नाही. परवाना गेला तर काय होईल?"

हसू थांबलं. "नऊही मुक्या होतील. दुसरं कुणी यांचं काडतूस करत नाही."

"मग कामाची नोंद द्या. तुम्ही सतत काहीतरी करताय, एवढं तरी दाखवू."

काकांनी टेबलावरची जाड वही माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेले. वही मराठीत होती. "मराठीत लिहिलं की इथे कुलूप लागतं," असं ते नेहमी म्हणत. ते कुलूप मला उघडतं, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

बंदूक विकत घेताना काका त्या घराला एक शब्द देतात, हे मला ठाऊक होतं. काडतूस झालं की तुम्हाला मैदानावर बोलावीन आणि आजोबांच्या बंदुकीचा आवाज एकदा ऐकवीन. वहीत त्या सगळ्या दिवसांची टिपणं होती. 'बार काढला. आवाज भरदार. तिघे आले होते. चेरीचा केक. त्यानंतर फोन नाही.' पुढच्या बंदुकीखाली, 'बार काढला. मुलगा रडला. त्यानंतर फोन नाही.' आठ बंदुका, आठ वेळा तीच शेवटची ओळ.

नववी फ्राऊ लेखनर यांच्या वडिलांची. या बाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. लहानपणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या बंदुकीचा आवाज ऐकायच्या. दर रविवारी अकराला त्यांचा फोन येतो, काडतूस झालं का म्हणून. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की काकांचं ठरलेलं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू येतं. अजून थोडं बाकी आहे, आणि मग हवापाणी, गुडघे, बाईंचं मांजर, असा पाऊण तास.

त्या पानावर लिहिलं होतं: 'लेखनरबाई. काडतूस तयार.' तारीख मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधली.

काका चहा घेऊन आले. मी वही उघडीच ठेवली होती. त्यांनी पान पाहिलं, मला पाहिलं, कप खाली ठेवले.

"तुला वाचता येतं," ते म्हणाले.

"मग हा कीस कसला?"

"तसंच दुसरं एक करतोय. जरा बरं." व्हर्निअर उघडला, मिटला. "घाई कुणाला आहे?"

"काका, बाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांना आहे."

त्यांनी व्हर्निअर खिशात ठेवला. मग म्हणाले, "एकदा वाजली की झालं गं. मग काय विचारायला फोन करतील?"

मी चहा प्यायले आणि पत्र लिहून टाकलं. आठ घरांची नावं घातली, शब्द दिला होता हे घातलं, नववं घर वाट बघतंय हेही घातलं. काकांनी वाचून सही केली. खाली जाऊन मी उरलेला जिना पुसला.

रविवारी सकाळी माळ्यावरून सासूबाईंचा पितळी सोऱ्या काढला. त्याची चकलीची चकती घर बदलताना हरवली होती, आणि आजकालची कुठलीच चकती त्यात बसत नाही. अकराला दहा मिनिटं असताना वर गेले. बेलवर बोट ठेवलं, तर आतून काकांचा आवाज आला. आज फोन त्यांनीच लावला होता.

"या, फ्राऊ लेखनर. झी इस्ट फेर्टिश." हो, काडतूस तयार आहे. मग बराच वेळ नुसतं जर्मन "या, या" आणि एकदा नाक ओढल्याचा आवाज.

मी पायरीवर बसून राहिले. फोन संपल्यावर बेल वाजवली आणि सोऱ्या त्यांच्या हातात दिला.

काकांनी सोऱ्याच्या तोंडाशी व्हर्निअर लावला. "हे माप आता कुणी करत नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "रविवारी येऊन विचारत जाईन, चकती कुठवर आलीय ते."

"दिवाळी कधी आहे?"

दिवाळी नऊ दिवसांवर होती. मी म्हटलं, "घाई नाही."