जरा तिरपं धरा लागते

निकुरे डॉक्टर कुणालाही सरळ प्रश्न विचारत नाहीत. "कुठं दुखतं?" हे सोनोग्राफीच्या खोलीत त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. ते विचारतात, "बाई, औंदा मोहफुलं कोन येचले?" बाई म्हणते, "सुनेनं येचले जी. मले वाकता येत नाई, इथी खुपते." बोट नेमकं पित्ताशयावर. दुखणं सापडलं, आणि सून बरी आहे हेही कळलं.

या खोडीचं मूळ मशीनमध्ये आहे. साध्या काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा तो दांडा, सरळ धरला तर चित्र उत्तम येतं. पण वाहतं रक्त बघायला कलर डॉपलर लावला, आणि प्रोब धमनीवर काटकोनात धरला, तर आत रक्त धो धो वाहत असूनही पडद्यावर काळंच. थोडा कलवला की रंग भरतो. प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं.

"समोरून गेलं तं दिसत नाई, भाऊ. जरा तिरपं धरा लागते."

हा नियम त्यांनी साऱ्या जगाला लावला. बाजारात वांग्याचा भाव विचारत नाहीत, बाईला तिच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीबद्दल विचारतात. ती वैतागून स्वतःच भाव उतरवते. नव्या डॉक्टरनं गेन वाढवून पडदा उजळ केला की कुरकुरतात, "उजेड वाढोला तं पान्यातबी कचरा दिसते." म्हातारा पेशंट आला की वेगाचं स्केल खाली आणतात, कारण हळू चालणारं रक्त मोठ्या स्केलवर दिसतच नाही. बायको गेल्यापासून एकटेच आहेत. मुलीला फोनवर "कधी येतेस?" म्हणत नाहीत. "तिकडं आंबे निघाले का?" विचारतात. ती म्हणते, निघाले बाबा. फोन संपतो.

आम्ही दोघं एकाच दवाखान्यात नोकरीला, शेजारशेजारच्या क्वार्टरांत. रात्री भात त्यांचा, माझ्या कुकरात; भाजी माझी. माझं कुटुंब चंद्रपूरला. बदलीसाठी मी गुपचूप अर्ज केला, ती मिळाली, तरी त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलंच असणार. एकदा ताटावर म्हणाले, "चंद्रपुरात नळाले रोज पानी येते का?" मी म्हटलं, येत असेल. दुसऱ्या दिवशी, "तुमचा कुकर मोठा हाये. एकट्या मानसाले केवढा लागते?"

मला सगळं कळत होतं. आज हे लिहितो आहे; त्या वेळी मात्र फक्त भात कालवत राहिलो.

निघायच्या आदल्या दिवशी मलाही सरळ बोलता येईना. मान आखडली, जरा बघता का, असं म्हणालो. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, जेल तळहातावर चोळून कोमट केलं, प्रोब मानेवर ठेवला, कलर लावला. पडदा माझ्याकडे वळवलेला. धमनी काळी. प्रोब बरोबर काटकोनात होता, आणि निकुरे डॉक्टर तो हलवत नव्हते.

"नका जाऊ," ते म्हणाले.

मानेवर प्रोब असताना बोलायचं नसतं. एवढी सबब मला पुरली.

मग त्यांचं मनगट किंचित कललं. धमनीत ठोक्यासरशी लाल रंग भरत राहिला. तो रंग ते बराच वेळ बघत बसले, तपासणीला लागतो त्याहून कितीतरी जास्त.

"नॉर्मल हाये," म्हणाले, आणि कापूस घेऊन माझी मान पुसू लागले. पेशंटला ते कापूस नुसता हातात देतात.