हमीदभाई गाडी वाचतात

विकाऊ गाडी बघायला गेलं की हमीदभाई गाडीकडे बघतच नाहीत. बॉनेट उघडत नाहीत, टायरला लाथ मारत नाहीत. मालकाकडून दर वर्षीच्या पासिंगचे कागद मागून घेतात, सावलीत बसतात आणि वाचू लागतात. इथे आखातात जुन्या गाडीची दर वर्षी तपासणी होते आणि मीटरचा आकडाही कागदावर चढतो. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा न्यायची.

"पास झाली ते मला नको सांगू. नापास कशात झाली ते सांग," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

हमीदभाई मूळचे रत्नागिरीचे. इंटरनॅशनल सिटीत आमच्या समोरच्या दारात एकटेच राहतात. माझी पहिली गाडी मी त्यांना न विचारता, नुसत्या रंगावर भाळून घेतली होती. ऐन जुलैत तिचा एसी गेला. तेव्हापासून मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

यंदा माझ्या बायकोला, शुभदाला, अल क्वोजमध्ये नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि दोन बस बदलून ती वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. हमीदभाईंनी एका आठवड्यात चार गाड्या नाकारल्या. तिसरीचे कागद वाचून मालकाला म्हणाले, "तीन वर्षं फक्त टायर. चौथ्या वर्षी ब्रेक, बंपर, दिवे, सगळं एकदम. त्या वर्षी गाडी दुसऱ्याच कोणी चालवली." मालक आधी हसला. मग हळूच म्हणाला की मेहुणा आला होता गावाहून. मी थक्कच झालो. नाडी बघून वैद्याला कळणार नाही इतकं या माणसाला चार कागदांवरून कळतं.

शनिवार उजाडला तरी गाडी नव्हती. संध्याकाळी हमीदभाई दारात आले, स्वतःच्याच गाडीचे कागद घेऊन.

"ही वहिनींना दे. मला कंपनीची बस आहे. पण वाचल्याशिवाय घेऊ नको."

गुरूसमोर परीक्षाच ती. मी वाचू लागलो. सुरुवातीला वर्षाला तीस-तीस हजार किलोमीटर, आणि मग एका वर्षी एकदम चार हजार. चोर सापडल्याच्या उत्साहात मी विचारलं, मीटर मागे फिरवलाय का?

"मीटर बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या वर्षी बायको मुलांना घेऊन गावाला गेली. शिक्षणासाठी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून पुढे वाचलं. गाडी एकदाच नापास झाली होती, गेल्या वर्षी: मागच्या सीटचा बेल्ट अडकत होता. त्याच दिवशी नवा बसवून त्यांनी ती पुन्हा नेली होती.

"मागे कोण बसतं, हमीदभाई?"

"कोणी नाही. पण मुलं सुट्टीत येतो म्हणाली होती."

शेवटचा कागद यंदाचा. वर्षभरात गाडी नऊशे किलोमीटर चालली होती. मुलं आली होती का, हे मला विचारावं लागलं नाही.

कागद नीट जुळवून मी म्हणालो, "घेतो. पण मुलं येतील त्या दिवसापासून किल्ली तुमची."

"इन्शाल्ला," हमीदभाई म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.