तपकिरी कागदातलं पुस्तक

माणसाचा चेहरा बघून त्याच्या हातात नेमकं पुस्तक ठेवणारी या रस्त्यावर मी एकटीच! लग्न होऊन आले ती जवळजवळ या दुकानाच्या गल्ल्यावरच बसले म्हणा ना. तेव्हापासून किती जणांना पुस्तकं सुचवली, पण एकही कधी परत आलं नाही. 'हे' होते तेव्हा म्हणायचे, "तुला पुस्तकं विकायला नको, लग्नं जुळवायला बसवायला हवं होतं!"

गल्ल्यामागे माझं 'आवडीचं कपाट' आहे. तुम्हाला झोप येत नसेल तर मधल्या फळीवरचं प्रवासवर्णन न्या. त्यातला प्रवासी अख्खं पुस्तकभर जहाजाची वाट बघत बंदरावर बसतो. वाचणारा तिसऱ्या प्रकरणातच घोरतो. घरात भांडण झालं असेल तर शेजारची दोन बहिणींची कादंबरी. आणि मन कशातच रमत नसेल, तर वरच्या फळीवर डावीकडून पहिलं. खुनाचं रहस्य, माझं सगळ्यात लाडकं! खून माळ्याने केलाय हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही.

पुस्तक काढायचं, तपकिरी कागदात गुंडाळायचं, सुतळीची दुहेरी गाठ मारायची आणि तेवढ्या वेळात त्याची गोडी लागेल असं काहीतरी सांगायचं, ही माझी पद्धत. आमच्या 'ह्यांचे' मित्र हेडमास्तर, नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेले, दर शनिवारी यायचे. स्टूल ओढून बसायचे, गाठ बसेपर्यंत ऐकायचे आणि पुढच्या शनिवारी म्हणायचे, "वा वहिनी, काय पुस्तक दिलंत!" असा वाचक नशिबाने मिळतो!

आता एक गोष्ट तुमच्या-माझ्यातच ठेवा. काही महिन्यांपासून मला पुस्तकांवरची नावं दिसतच नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, सगळं दुधात बुडवल्यासारखं. पण सांगणार कोणाला? मुलाने आधीच बजावलं होतं, "आई, हातून एक चूक झाली की त्या दिवसापासून गल्ला सोडायचा आणि घरी आराम!"

आराम! खिडकीत बसवतील, सारखी औषधाची आठवण करतील, आणि पाहुणे आले की कौतुकाने दाखवतील. त्यापेक्षा मी जागेवरून पुस्तकं ओळखायचे. कुठली फळी, कितवं पुस्तक, सगळं पाठ!

मग मला खोकला झाला. दोन दिवस घरी राहिले, आणि तेवढ्यात सूनबाईने माझं कपाट आवरलं. उंचीप्रमाणे! नवीन आलेली पुस्तकंही त्यातच बसवली. म्हणे दिसायला छान दिसतं. दिसणाऱ्याला दिसत असेल, मला काय त्याचं!

शनिवारी हेडमास्तर आले ते शेजारच्या दवाखान्यात तपासणी करूनच. रिपोर्ट अजून यायचे होते. "वहिनी, मन रमत नाही," म्हणाले. मी वरच्या फळीवर डावीकडून पहिलं काढलं, गुंडाळलं, गाठ मारली. सांगायला तोंड उघडलं तर आवाज पार बसलेला! हल्ली डोळ्यांतून सारखं पाणीही यायचं. शेवटी त्यांचा हात धरला आणि कसंबसं घोगऱ्या आवाजात म्हटलं, "आजच वाचा. उद्यावर टाकू नका."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, दवाखान्याच्या भिंतीकडे पाहिलं, आणि पुडा छातीशी धरून निघून गेले.

सोमवारी सूनबाई कपाटासमोर उभी. "आई, 'मृत्युपत्र कसे करावे' कोणी नेलं? इथे पहिलंच लावलं होतं मी."

माझ्या हातातली सुतळीची गुंडी सुटली ती थेट रस्त्यावर!

"नेलं असेल कोणीतरी," मी म्हटलं. तेवढ्यात दवाखान्यातली नर्स आली. रोज दुपारी ती आमच्याकडे गप्पा मारायला येते, आणि सगळ्यांची खबर तिला आधी लागते म्हणून आम्ही तिला थर्मामीटर म्हणतो.

"ऐकलंत का? हेडमास्तरांनी दोन्ही मुलांना तातडीने बोलावून घेतलंय! म्हातारे जेवतही नाहीत म्हणे. रिपोर्ट न्यायलाही कोणी आलं नाही."

"रिपोर्टमध्ये आहे तरी काय?" मी विचारलं.

"काय असणार? गॅस!"

म्हणजे हेडमास्तरांना वाटलं, थर्मामीटरने मला सगळं सांगितलं आणि मी ते पुस्तकातून कळवलं! धडधाकट माणूस माझ्यापायी धसक्याने गेला तर? आणि सूनबाईला खरं सांगावं, तर आराम! मी हाताने चाचपून खुनाच्या रहस्याएवढं जाड पुस्तक शोधलं, पिशवीत टाकलं आणि "जरा पाय मोकळे करून येते," म्हणून सटकले.

हेडमास्तरांच्या घरी दार उघडंच. दिवाणखान्यात सगळे गंभीर. हेडमास्तर आरामखुर्चीत, अंगावर शाल. बायको डोळे पुसतेय, दोन्ही मुलं दोन बाजूंना. मागे काचेच्या कपाटात तपकिरी बांधणीची पुस्तकं ओळीने लावलेली. वाटलं, केवढी ही आवड! आणि असा माणूस मी घालवणार!

"वहिनी, तुम्ही स्वतः आलात?" हेडमास्तरांनी शाल आवळली. "म्हणजे वेळ जवळ आली."

"नाही हो, मी ते पुस्तक परत न्यायला आले. लवकरात लवकर द्या."

"लवकरात लवकर!" बायकोने हंबरडा फोडला.

"तसं नाही! चूक झाली. त्याच्याऐवजी हे दुसरं घ्या, याने बरं वाटेल."

"आता कशाने बरं वाटणार?" मोठा मुलगा म्हणाला. "मावशी, आम्हाला खरं सांगा. बाबांना नेमकं काय झालंय?"

"गॅस!"

"गॅस कुठपर्यंत पसरलाय?" धाकट्याने विचारलं.

हेडमास्तरांनी डोळे मिटले. माझा धीर सुटला आणि मी ओरडले, "अहो, त्यांना काही झालेलं नाही! मला झालंय! मला दिसत नाही!"

मोठ्या मुलाने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "'गरोदरपणातील आहार आणि काळजी.'"

आधी हेडमास्तर हसले, मग बायको, मग मुलं. हसता हसता हेडमास्तरांना ढेकर आली, आणि निदानही सिद्ध झालं!

पण हेडमास्तरांच्या मोठ्या मुलाने दुकानात फोन केला होता. घरी आले तर माझा मुलगा दारातच. "आई, ऑपरेशन की आराम? बोल!"

मला सुईची इतकी भीती वाटते की शिवणकामही कधी शिकले नाही. पण खिडकीत बसण्यापेक्षा सुई बरी! ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि जग असं लख्ख झालं की दुकानातली जळमटं बघून मी सूनबाईवर दिवसभर खेकसले. गल्ला माझ्याकडेच राहिला.

मग झालेल्या मनस्तापाबद्दल हेडमास्तरांची माफी मागायला गेले. तेच काचेचं कपाट. या वेळी मात्र मी नीट पाहिलं. तपकिरी बांधणी कसली! तो माझा कागद होता. एकेका पुड्यावर माझी सुतळी, माझी दुहेरी गाठ, एकही न सुटलेली!

"हेडमास्तर, हे काय? दर शनिवारी 'वा वहिनी' म्हणायचात ना?"

ते ओशाळले. "गोष्ट आवडायचीच हो! पण तुम्ही पुडा बांधता बांधता सगळी सांगून मोकळ्या होता. मग उघडून करायचं काय? त्या शनिवारी तुमचा आवाज बसला होता, म्हणून पहिल्यांदा एक पुस्तक वाचावं लागलं." मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगू, वहिनी? मृत्युपत्राचं ते पुस्तक मी दोनदा वाचलं. शेवटपर्यंत उत्सुकता टिकून राहते!"

तर वाचकहो, वरच्या फळीवर डावीकडून पहिलं पुस्तक पुन्हा जागेवर ठेवलंय. अवश्य न्या. पुडा बांधताना मी तोंडातून अक्षर काढणार नाही.

आणि ते मघाशी माळ्याचं बोलले ना, ते तेवढं विसरून जा.