सासूबाईंच्या झग्यावरची संध्याकाळ

बायकोला भेट काय द्यावी हे कोळशाच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या डोक्यानं ठरवू नये. (गेल्या वर्षी होनोरीनच्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, मी पितळी मुठीचं फावडं दिलं. आठवडाभर अबोला. फावडं मात्र उत्तम होतं.) यंदा म्हटलं, कलेची वस्तू द्यायची!

लुव्हसिएन गावाच्या रस्त्यावर वाल्तूर नावाचा चित्रकार गुडघाभर बर्फात उभा राहून संध्याकाळ रंगवत होता. जांभळा बर्फ, निळी झाडं, नारिंगी आभाळ. घासाघीस करून चाळीस फ्रँकला चित्र उचललं.

"शेठ, ओलं आहे हं. महिनाभर हात लावू नका."

"अरे, ओला माल वाळवण्यात केस पिकले माझे!"

घरी येऊन चित्र शेगडीजवळच्या खुर्चीत उताणं ठेवलं आणि घोडा सोडायला गेलो. परत येतो तो खुर्चीत सासूबाई! अंगात नवा काळा रेशमी झगा. कमरेमागे उशी बांधायची फॅशन तेव्हा अशी जोरात होती, की खाली चित्र आहे का चर्च, बसणारीला कळू नये. समोर होनोरीन. बोलावं तर उद्याची भेट आजच फुटणार. शेगडीत कोळसा सारत बसलो.

प्रार्थनेची घंटा झाली. सासूबाई उठल्या. झग्याच्या मागे अख्खा हिवाळा उमटलेला! मी त्यांच्या पाठीला चिकटूनच निघालो.

"तुम्ही आणि चर्चला?" होनोरीन म्हणाली. "आणि आईच्या मागे मागे काय चाललंय?"

"निसरडं आहे गं. पडल्या तर झेलीन."

"जावईबापू, आधी स्वतःला सांभाळा!"

तेवढ्यात मीच आपटलो. पडदा उघडला.

"मादाम युडोक्सी," पाववाल्याची बायको ओरडली, "तुमच्या मागे बर्फ पडलाय!"

सगळं कबूल करावं लागलं. वाल्तूरला घरी बोलावलं. फिसकटलेलं चित्र त्यानं खिडकीशी नेलं.

"तीन दिवस धडपडत होतो, पण अंधार काही उतरेना," तो म्हणाला. "बाईंनी एका बैठकीत उतरवला! मी आता ब्रश लावणार नाही."

सासूबाईंचा चेहरा उजळला. होनोरीननं माझ्याकडे पाहिलंही नाही. "आईचा झगा गेला. चित्र आईलाच."

तेव्हापासून दर रविवारी मी सासूबाईंकडे कोळसा पोचवतो आणि चित्राचं कौतुक करतो. खुर्ची शेजारीच असते.

"उभ्यानंच बघा, जावईबापू," सासूबाई म्हणतात. "बसायलाही अंगात कला लागते."