पुढे जायचं का?

कारभार जितका लांबून करावा तितका तो मोठा दिसतो, हे सर्वमान्य सत्य आहे. शेळीजवळ उभं राहून शेळी हाकणारा गुराखी ठरतो. उंटावरून हाकणारा प्रशासक. करी रोडच्या मनोहर टॉवर सहकारी गृहनिर्माण संस्थेने (नियोजित, नियोजन अकरा वर्षं चालू) हे सत्य उशिरा ओळखलं, पण ओळखल्यावर मात्र मागे वळून पाहिलं नाही.

प्रश्न पंपाचा होता. चाळ होती तेव्हा पाणी नळाला यायचं आणि माणसं नळाकडे जायची. चाळीचा टॉवर झाल्यावर पाणी तळघरातल्या टाकीत येऊ लागलं, आणि पंपाने ते गच्चीवर चढवल्याशिवाय कोणाच्याही मोरीत उतरेना. पंप तळघरातल्या एका कॉम्प्युटरच्या ताब्यात होता आणि संस्थेचे सेक्रेटरी गुणाजी घाडीगावकर वर्षातले पाच महिने कणकवलीजवळच्या आपल्या गावी. गणपती, शिमगा, आंबे, लग्नं, आणि हे सगळं संपल्यावर विश्रांती. पंपाची सूत्रं दुसऱ्याच्या हाती देणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. तेव्हा पंप गावाहूनच चालवावा असं ठरलं.

काम आलं अक्षदा परबकडे. नवव्या मजल्यावर राहणारी, प्रोग्रॅम लिहून पोट भरणारी मुलगी. संस्थेसाठी फुकट (समितीच्या भाषेत 'घरची'). तिने होकार दिला तो आईसाठी. शांतीताईंनी चाळीच्या जिन्यावरून तीस वर्षं हंडे चढवले आणि त्यात दोन्ही गुडघे गेले. टॉवरमध्ये राहायला आल्या त्या दिवशी अक्षदाने त्यांना शब्द दिला होता, "आई, आता तुला बादली उचलू देणार नाही." शब्द देणं सोपं होतं, कारण त्या दिवशी पंप चालू होता.

तिचा प्रोग्रॅम साधा होता. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. ती गावाहून तळघरात पोचते आणि तळघराचं उत्तर गावी येतं. पण पासवर्ड पाठवण्याआधी पलीकडे आपलाच कॉम्प्युटर आहे ना, हे बघणं आलं. म्हणून प्रोग्रॅम आधी त्याची ओळख ताडून पाहायचा. प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी अशी ती एक लांबलचक अक्षरओळ असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. ओळख जुळली नाही तर प्रोग्रॅम तिथेच जोडणी तोडायचा. सेक्रेटरी असोत की आणखी कोणी. अक्षदाचा सगळ्यात जास्त जीव याच भागावर होता.

समितीला नेमका तोच खटकला. पहिल्या प्रात्यक्षिकानंतर चौदा हरकती नोंदवण्यात आल्या. पडदा काळा का, केशरी का नाही. प्रोग्रॅम सेक्रेटरींना 'तू' म्हणतो का (तो इंग्रजीत बोलत असल्याने निर्णय राखून ठेवण्यात आला). पण मुख्य हरकत ही, की यंत्राने सेक्रेटरींना नकार देणं उपविधींत बसत नाही. नकार देण्याचा अधिकार समितीचा. यंत्राने फार तर विचारावं. त्यानुसार ठराव झाला: "ओळख जुळत नसल्यास प्रोग्रॅमने मराठीत व आदरपूर्वक 'पुढे जायचं का?' असे विचारावे. 'नाही' हे उत्तर सोयीसाठी बारीक अक्षरांत ठेवावे. काहीच न लिहिता कळ दाबल्यास 'हो' धरावे. पडद्यास केशरी कड असावी (हा ठराव नजरेखालून घालून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाची, यातून काही बिघडल्यास दोष प्रोग्रॅम लिहिणारीचा, या कलमास संमती आहे असे समजण्यात येईल). चहा-बटाटेवड्यांचा खर्च किरकोळ खात्यात टाकावा."

"काका, असं केलं तर माणूस न वाचताच 'हो' दाबतो," अक्षदा म्हणाली.

"अगो, वाचून कोण 'हो' म्हणता?" गुणाजी मायेने म्हणाले. "चाळ पाडूची संमती दिली तेव्हा बावीस पानां होती. वाचीत बसलो असतंव, तर आज ह्यो टॉवर उभो रवलो असतो?"

युक्तिवाद बिनतोड होता, कारण टॉवर खरोखरच उभा होता. शिवाय आकडेवारीही गुणाजींच्या बाजूची होती. संस्थेच्या इतिहासात सभासदांना जे जे विचारलं गेलं, त्याला 'हो' असं उत्तर येण्याचं प्रमाण शंभर टक्के आहे. (एकदा ते एकशे दोनवर गेलं होतं; दोन दिवंगत सभासदांनीही संमती कळवली.) अक्षदाने प्रोग्रॅम बदलला. केशरी कड फार सुंदर आली.

इमारतीत इंटरनेटच्या वायरी ओढायचं काम दिनेश नावाच्या हसतमुख तरुणाकडे होतं. दिनेश हा पाण्याच्या टँकरवाल्याचा मेव्हणा. नात्यागोत्याला धरून राहणारी माणसं हल्ली दुर्मीळ झाली आहेत, दिनेश त्यांतला. शिमग्याच्या सुमारास त्याने वायरींच्या कपाटात स्वतःचा एक डबा बसवला. आता तळघराला हाक मारणाऱ्याची गाठ आधी डब्याशी पडे, आणि डबा तळघराच्याच नावाने ओ देई.

प्रोग्रॅमच्या हे तत्काळ लक्षात आलं. गावच्या ओटीवर बसलेल्या गुणाजींच्या पडद्यावर अक्षरं उमटली: "सावधान. आपण रोज ज्याच्याशी बोलता, तो हा नव्हे. आपला पासवर्ड याच्या हाती पडेल. पुढे जायचं का?" बाहेर पालखी दारात आली होती. गुणाजींनी कळ दाबली, पालखी नाचवली आणि घाम पुसून झाल्यावर अक्षदाला फोन लावला.

"गो, तुझो मशीन म्हणता वळख बदलली."

अक्षदा ताडकन उठली. "काका, 'नाही' म्हणा! मी खाली जाऊन बघते, तोवर काही करू नका."

"ता कधीच झाला. अगो, आमचो पत्तो बदललो, जिनो जावन लिफ्ट इली, रेशनकार्डावरचो फोटो बदललो. म्हणान काय आमी दुसरे झालंव?"

ती तळघरात पोचेपर्यंत दिनेशने पासवर्ड बदललेला होता. कपाट उघडून डबा उपटला असता तर दिनेशचा हात तरी पंपापर्यंत पोचला नसता, पण कपाटाची चावी दिनेशकडेच होती.

"देतो ना ताई, आपण कुठे नाय बोलतो?" दिनेश हसून म्हणाला. "फक्त कमिटीचं लेटर आणा."

त्यानंतर गच्चीवरची टाकी वरचेवर कोरडी पडू लागली. लोक ओरडायला लागायचे आणि कोणी बोलावण्याआधीच टँकर फाटकात हजर असायचा. टँकर रिकामा झाला की इतका वेळ रुसलेला पंप आपोआप सुरू व्हायचा. यावरून समितीने टँकरचं पाणी पंपाला मानवत असल्याचा निष्कर्ष काढला आणि टँकरवाल्याच्या तत्परतेबद्दल आभाराचा ठराव केला.

टँकर येईपर्यंत फाटकाजवळच्या नळावरून पाणी भरावं लागे. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून बादल्यांना बंदी होती (ठराव एकमताने मंजूर, शांतीताईंनीही हात वर केला होता). अक्षदा ऑफिसला गेली की शांतीताई बादली घेऊन जिन्याला लागायच्या. एके दिवशी अक्षदा लवकर घरी आली, तेव्हा आई सहाव्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती. अक्षदाने बादली हिसकावून घेतली. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

सर्वसाधारण सभेत तिने पुरावा ठेवला. कोणता इशारा दिला आणि त्याला काय उत्तर आलं, हे सारं प्रोग्रॅमने टिपून ठेवलं होतं. समितीने ते बारकाईने ऐकलं. ज्या अर्थी इशारा दिला, त्या अर्थी प्रोग्रॅम लिहिणारीला धोका ठाऊक होता. ठाऊक असूनही तिने सेक्रेटरींना पुढे जाऊ दिलं. तेव्हा ठराव असा झाला: दोष अक्षदा परब यांचा, इशारा भीतिदायक असल्याने प्रोग्रॅममधून काढून टाकावा, यापुढे तांत्रिक सल्लागार म्हणून दिनेश यांना नेमावं.

सगळे हात वर गेले. दाराशी नुकत्याच येऊन टेकलेल्या शांतीताईंनी बादली खाली ठेवली आणि मोकळा झालेला हात वर केला.

"आई, तू कशाला केलास?"

"सगळ्यांनी केलो गो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पाण्याचोच ठराव असतलो ना?"

हजर सभासद त्र्याऐंशी. अक्षदाचा हात खाली. तरीही मतं मोजली तेव्हा ती त्र्याऐंशीच भरली. दोनदा मोजणी झाली, दिवंगतांचीही चौकशी झाली. पण या वेळी ते निर्दोष होते.

ते एक मत आपलं. मघाशी केशरी कडेचा ठराव वाचताना कंसातलं कलम आपण नजरेखालून घातलंत आणि बटाटेवड्यांवरून पुढे आलात. थांबायला कोणी मनाई केली नव्हती. संमतीबद्दल समिती आपली आभारी आहे. शांतीताई पुन्हा सहाव्या मजल्यावर दम खायला थांबल्या आहेत. आपण पुढे जायला हरकत नाही.