राजाची गादी

"राजा मीच होणार!" उत्तराने जेवता जेवता जाहीर केलं. गुरुग्राममधल्या त्यांच्या सोसायटीत मराठी मंडळाची नाट्यस्पर्धा होती आणि दरवर्षी तिच्या वाट्याला झाडच यायचं. यंदा तिला उत्कृष्ट अभिनयाची ट्रॉफी हवी होती. म्हणजे हवीच!

अडचण एकच. राजाची भूमिका प्रतीकला मिळाली होती. मग उत्तरा दिग्दर्शिका कुमुदकाकूंच्या कानाशी लागली. "काकू, प्रतीक चांगलाच आहे, पण त्याचं मराठी ना... अगदीच दिल्लीचं आहे हो."

काकूंनी राजा बदलला आणि प्रतीककडे सामान आणायचं काम दिलं.

"कोई बात नहीं यार," तो हसून म्हणाला. नेमकं तेच उत्तराला टोचलं. चिडला असता तर बरं झालं असतं!

काकूंनी त्याला फोनवर बजावलं, "मुकुट, तलवार आणि मध्यभागी राजाची गादी. भारदस्त दिसली पाहिजे हं!"

प्रयोगाला पडदा उघडला. मुकुट होता, तलवार होती आणि मध्यभागी ऐसपैस पसरलेली, डबल बेडची, कापसाची गादी होती. फुलाफुलांच्या चादरीसकट.

उत्तरा थिजली. पण आता माघार कसली? "या गादीसाठी," ती गरजली, "मी सख्ख्या भावाचा जीव घेतला!"

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"पण ही गादी मिळाल्यापासून माझी झोप उडाली आहे!"

"कापूस पिंजून घ्या, महाराज!" मागून एक आजोबा ओरडले आणि सगळा हॉल खदखदून हसला.

विंगेत प्रतीक उभा होता, बिचारा पांढराफटक पडलेला. संवादबिंवाद गेले उडत! ती गुडघ्यांवर बसली आणि त्याच्याकडे बघत रडवेल्या आवाजात म्हणाली, "माफ कर मला. ही गादी तुझी होती. मी ती हिसकावली."

प्रतीक गोंधळून थेट रंगमंचावरच आला. "अगं नाही, तुमच्याच घरची आहे! तुझ्या आईनेच दिली."

पडदा पडला तरी हशा थांबेना. परीक्षकांनी डोळे पुसत पुसत उत्कृष्ट अभिनयाची ट्रॉफी दिली. प्रतीकला! "काय टायमिंग आहे मुलाचं!"

उत्तराने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून, आणि थोड्या दात-ओठ खात.

ट्रॉफी काखेत मारून प्रतीक तिच्याजवळ आला. "एक सांग यार. त्या राजाला भावाची गादी एवढी आवडली होती, तर मारायचं कशाला? सेम टू सेम दुसरी मागवायची ना!"